दूर राहून मैत्रिणींनी मिळून एक गोधडी कशी शिवावी

शाळेतल्या मैत्रिणींपैकी एखादीच सोलापुरात राहते आणि बाकीच्या पुणे, हैदराबाद, बंगळुरू अशा पांगलेल्या असतात, म्हणून दुपारी ओसरीवर बसून गोधडीला टाके घालण्याची रीत आता सर्वांना जमत नाही. परंतु गोधडी मुळात तुकड्यांची असल्यामुळे तिचे काम वाटून घेता येते. रंग, नक्षी आणि कापड यांत प्रत्येकीला मोकळीक द्यावी. मापात मात्र कोणालाही सवलत नसावी. एड्सने दगावलेल्यांच्या स्मरणार्थ अमेरिकेत जी प्रचंड गोधडी शिवली गेली आणि जी ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनला प्रथम अंथरली गेली, तिचे तुकडे एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांनी गावोगावहून पाठवले होते. प्रत्येक तुकडा ३ फूट बाय ६ फुटांचा असल्यामुळेच ते एकमेकांना जोडता आले.

पाच जणी आहेत असे धरून एकेरी पलंगाच्या गोधडीचा हिशोब मांडू. आडवे ५ आणि उभे ७ असे १२ इंचांचे ३५ चौकोन, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला ७ चौकोन, आणि तयार गोधडी ६० बाय ८४ इंचांची. शिवणीसाठी चारही बाजूंनी पाव इंच माया लागते, म्हणून प्रत्येक चौकोन जोडणाऱ्या मैत्रिणीकडे साडेबारा इंचांचा पोहोचला पाहिजे. येथे ‘प्रत्येकीने टेपने मोजून कापावे’ एवढे सांगून भागत नाही, कारण जुने टेप ताणलेले असतात. प्रत्येक चौकोनात एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा, फरक पडला तरी सात चौकोनांच्या ओळीत तो पाऊण इंचाच्याही पुढे जातो. त्यामुळे जोडणारीने जाड पुठ्ठ्याचे साडेबारा इंचांचे पाच साचे एकाच पट्टीने आखून कापावेत आणि टपालाने सर्वांना पाठवावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर माप कळवणे हा त्याला पर्याय नव्हे.

कापडाच्या बाबतीत सोलापूरकर मैत्रिणीचे पारडे जड असते. चाटी गल्लीतल्या दुकानांत कापड मिळते आणि शालेय गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत कात्रणाचा तोटा नसतो. मात्र गणवेशाच्या कापडात बहुधा पॉलिएस्टर मिसळलेले असते. ते सुती कापडाइतके आटत नाही आणि गरम इस्त्रीही सोसत नाही, म्हणून या गोधडीत ते घेऊ नये. निव्वळ सुती कापडच वापरावे आणि नवे असल्यास कापण्यापूर्वी धुऊन घ्यावे. गडद लाल, किरमिजी किंवा निळ्या लुगड्याचा तुकडा असेल, तर ओला पांढरा रुमाल त्यावर घासून पाहावा. रुमालाला रंग लागला तर ते कापड कितीही आवडते असले तरी बाजूला ठेवावे, कारण एकीच्या कापडाचा रंग उरलेल्या चौघींच्या कामावर उतरेल.

चौकोनाच्या आत ठिगळे कशी मांडावीत हे प्रत्येकीने ठरवावे. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर बसावे आणि फोन चेहऱ्याकडे नव्हे, तर हातांकडे वळवून ठेवावा; गप्पा तशाही होतातच. झालेले चौकोन इस्त्री करून, घडी न घालता, दोन पुठ्ठ्यांमध्ये आणि पावसाळा असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्पीड पोस्टाने पाठवावेत.

सर्व चौकोन आल्यावर जोडणारीने ते जमिनीवर मांडून फोटो पाठवावा, हरकतींसाठी दोन दिवस द्यावेत आणि मग चर्चा बंद करावी. आधी आडव्या ओळी शिवाव्यात. पहिल्या ओळीतील माया उजवीकडे आणि दुसरीतील डावीकडे, अशी आलटून पालटून इस्त्रीने बसवली, तर ओळी एकमेकींना जोडताना शिवणी नेमक्या समोरासमोर बसतात आणि चार कोपरे जेथे मिळतात तेथे गाठ होत नाही.

अस्तरासाठी एक जुनी सुती साडी पुरते. साडेपाच मीटर लांब आणि सुमारे ४५ इंच पन्ह्याच्या साडीचे ६६ इंचांचे दोन तुकडे काठाकडून जोडले की चारही बाजूंनी थोडे जास्तीचे अस्तर मिळते. उरलेल्या ८४ इंचांतून अडीच इंच रुंदीच्या चार पट्ट्या काढल्या की कडेला लावायच्या गोटाची सोय होते. मधल्या थराला वापरून मऊ झालेली सोलापुरी चादर घालता येते, पण हाताने टाके घालायचे असतील तर मी दोन जुन्या साड्यांचे थर सुचवीन. चादरीच्या दाट विणीतून सुई ओढताना बोटे दुखतात, आणि सोलापूरच्या हवेत जाड गोधडी लागतेच किती दिवस? तिन्ही थर जमिनीवर ताणून, मध्यापासून बाहेरच्या दिशेने, वीतभर अंतरावर कच्चे टाके घालावेत, जास्तीचे अस्तर छाटावे आणि गोट आधीच लावून घ्यावा. प्रवासात थर सरकू न देण्याचे काम हे कच्चे टाकेच करतात, म्हणून त्यांत काटकसर करू नये.

आता गोधडी स्वतः प्रवासाला निघते. कडेपासून सुरुवात करून आत आत जाणारा धावदोरा ही आपली जुनी पद्धत येथे फार सोयीची पडते, कारण फेऱ्या वाटून घेता येतात. एकेका इंचावर फेरी घेतल्यास मध्यापर्यंत ३० फेऱ्या होतात. त्या सहा-सहा अशा वाटल्या तर पहिलीवर अन्याय होतो. सर्वांत बाहेरची फेरी जवळजवळ २४ फुटांची, तर सर्वांत आतली चार फुटांच्या आसपास असते. पहिल्या दोघींनी चार-चार, तिसरीने पाच, चौथीने सहा आणि पाचवीने अकरा फेऱ्या घेतल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे ८० ते ९० फूट शिवण येते. दोरा एकाच रिळाचा असावा आणि तो गोधडीबरोबरच फिरावा. जिचे टाके मोठे पडतात तिला ते उसवायला लावू नये.

गोधडी शेवटी कोणाकडे राहणार, किंवा दरवर्षी घर बदलणार, हे पहिले कापड कापण्याआधीच ठरवून लिहून ठेवावे. कच्चे टाके शेवटची फेरी झाल्यावर काढावेत आणि पहिली धुलाई गार पाण्यात करून गोधडी सावलीत आडवी वाळवावी, कारण दोरीवर टांगलेली ओली गोधडी स्वतःच्या वजनाने ताणली जाते.