पांढरा ठिपका म्हणजे कॅल्शियमची कमतरता नव्हे: नखं आणि त्वचा पाहताना या चुका टाळा

नखावर पांढरा ठिपका दिसला की कुणीतरी हमखास म्हणतं, "कॅल्शियम कमी पडतंय." मग गोळ्या सुरू होतात. पण नख बनतं केराटिन नावाच्या प्रथिनाचं. त्यात कॅल्शियम अगदी नावापुरतं असतं. हे ठिपके बहुतेक वेळा नखाच्या मुळाशी बसलेल्या बारीकशा माराचे असतात. बोट दारात सापडलं असेल, नख कुरतडलं असेल. ठिपका वर दिसायला काही आठवडे जातात, तोवर मार विसरलेला असतो. पुढे तो नखाबरोबर सरकत टोकाला येतो आणि कापला जातो. श्रेय मात्र गोळ्यांना मिळतं.

म्हणून नखात काही वेगळं दिसलं, तर आजाराचं नाव शोधण्याआधी दोन गोष्टी बघा. हे एकाच नखाला आहे की सगळ्यांना? आणि नखाबरोबर पुढे सरकतंय की जागच्या जागी आहे? हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याहून बरंच सावकाश. एवढ्या माहितीवर नख तारखेसारखं वाचता येतं.

मला एकदा जोराचा ताप येऊन गेला. सुमारे तीन महिन्यांनी दहाही नखांवर आडवी खाच दिसली. अंगठ्यावर तर बोट फिरवलं तरी लागायची. पट्टी लावून मोजलं, तर खाच कातडीच्या कडेपासून ७ मिलिमीटरवर होती. कातडीखाली झाकलेला भाग धरला, तर हिशोब बरोबर तापाच्या आठवड्यापाशी जात होता. मोठ्या आजारात नखाचं मूळ काही दिवस काम मंदावतं, त्याची ही नोंद. बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८४६ मध्ये या खाचांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना बो-रेषा म्हणतात. अशी खाच एकाच बोटाला असेल, तर आजार नाही, त्या बोटाला लागलेला मार आठवून बघा.

प्रत्येक जाड, पिवळं नख बुरशीचं समजू नका

ही चूक फार महागात पडते. आकार बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी सापडते. उरलेल्यांत सोरायसिस हा त्वचारोग असतो, घट्ट बुटांचा दाब असतो, जुना मार असतो. सोरायसिसमध्ये नखावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात, नख टोकाकडून सुटतं, खाली तेलाच्या थेंबासारखा डाग दिसतो. बुरशीच्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात आणि त्या चालू असताना यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. तेव्हा आधी नखाचा तुकडा तपासून घ्या, मग गोळी.

नखाखालचा काळा डाग "लागलं असेल" म्हणून सोडू नका

नखाखाली साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं. मुळापासून टोकापर्यंत गेलेली काळी-तपकिरी उभी रेघ तशी सरकून जात नाही. गडद वर्णाच्या माणसांत अशा रेघा अनेक नखांवर असणं नेहमीचं आहे, त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण एकाच नखावर नवी रेघ उमटली, ती रुंद होऊ लागली किंवा तिचा रंग शेजारच्या कातडीवर उतरला, तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम आधी फुटबॉलमधली वाटली होती. १९७७ मध्ये तिथे मेलानोमा हा कर्करोग निघाला. १९८१ मध्ये ते गेले, तेव्हा अवघे ३६ वर्षांचे होते.

बोटांचा आकार बघायचा राहतो

रंगाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, आकाराकडे जात नाही. नख मध्ये खोलगट होऊन चमच्यासारखं झालं असेल, तर त्यावर पाण्याचा थेंब ठेवून बघा. थेंब ओघळला नाही, तर लोह तपासायला हवं. नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही, शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिनही बघायला सांगा. (तान्ह्या बाळांची नखं अशी असू शकतात, ती पुढे आपोआप सरळ होतात.)

दुसरी खूण अधिक गंभीर. दोन्ही हातांच्या एकाच बोटांची नखं पाठीला पाठ लावून जुळवा. मुळाशी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची छोटी फट दिसायला हवी. ती बुजली असेल आणि बोटांची टोकं फुगीर असतील, तर त्याला क्लबिंग म्हणतात. हे काही घराण्यांत जन्मजात असतं. नव्याने आलं असेल तर फुफ्फुस, हृदय, यकृत, आतडी तपासावी लागतात. लिओ शॅमरॉथ या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांना स्वतःला हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग झाला होता. आपलीच बोटं बदलताना पाहून त्यांनी १९७६ मध्ये ही खूण लिहून ठेवली.

त्वचा घासून, झाकून किंवा मलम चोळून प्रश्न मिटत नाही

मानेवर, काखेत काळसर, जाडसर, मखमली थर दिसला की मुलांना "मान नीट धूत नाहीस" म्हणून ओरडा बसतो आणि कातडी लाल होईपर्यंत घासली जाते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण तो मळ नसतोच. बहुतेकदा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असते. साखर तपासा, वजन बघा, आणि त्या मुलाला दोष देऊ नका. उतारवयात हा थर झपाट्याने आला आणि वजनही घटत असेल, तर पोटातल्या कर्करोगाची शंका घेऊन तपासणी व्हायला हवी.

गजकर्णावर स्टिरॉइडचं मलम लावलं, तर खाज थांबते आणि बुरशी आत बिनबोभाट पसरते. शेवटी चट्टा ओळखूच येत नाही. फिकट चट्ट्याला चाचपून बघायलाही विसरू नका. तिथे कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करा. औषधं लवकर सुरू झाली तर तो पूर्ण बरा होतो, उशीर झाला तर नसांची हानी मागे राहते.

अंगावर पुरळ नाही आणि खाज मात्र आठवडेच्या आठवडे जात नाही, अशा वेळी यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि लोह तपासून घ्या. तळहात पिवळे दिसले तर डोळ्यांचा पांढरा भाग बघा: तोही पिवळा असेल तर कावीळ, पांढरा असेल तर बहुधा गाजरासारख्या पदार्थांतला रंग. ताप असताना अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले आणि पारदर्शक ग्लास दाबूनही फिके पडले नाहीत, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठा.

डॉक्टरांकडे जाताना नेलपॉलिश काढून जा. डागाचे तारखेसह काढलेले दोन-तीन फोटो सोबत ठेवा. नखांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील, तर रक्त देण्याआधीच सांगा. त्यामुळे थायरॉइडचे आणि हृदयविकारात बघतात त्या ट्रोपोनिनचे आकडे चुकीचे येऊ शकतात.