‘चार्ज’चा अर्थ लावताना या चुका टाळा

मोबाईल चार्ज होतो, साहेब चार्ज घेतात, बँक चार्जेस लावते, पोलीस लाठीचार्ज करतात. हा शब्द मराठीत इतका मुरलाय, की इंग्रजी कागदावर दिसला तरी आपण तिथे थांबत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सरकारी कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत येतात आणि घरी समजावून सांगायचे असतात मराठीत. तिथे एक चुकलेला अर्थ महागात पडतो.

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे: गाडीत माल भरणं. तिथून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. म्हणजे मुळात हे ओझं. मराठीतले भार, प्रभार, अधिभार आणि कन्नडमधला ऋणभार हे शब्द त्याच कल्पनेचे. म्हणून वाक्यात ‘चार्ज’ आला की आधी विचारा: कोणी, कोणावर, कसलं ओझं टाकलं?

विजेचा अर्थ धरून बसणं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, नव्याने लागलेल्या मुलांची ही चूक होते. तिथे चार्ज म्हणजे भट्टीत एका वेळी भरायचा माल. क्युपोला भट्टीत कोक, पिग आयर्न, भंगार आणि चुनखडी यांचे थर म्हणजे चार्ज. इंडक्शन भट्टी विजेवर चालते, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. ‘डू नॉट चार्ज वेट स्क्रॅप’ या सूचनेत करंटचा काही संबंध नाही. अर्थ सरळ आहे: ओलं भंगार भट्टीत टाकू नका. वितळलेल्या धातूखाली पाणी अडकलं की त्याची क्षणात वाफ होते, ती सुमारे १६०० पट जागा मागते आणि तापलेला रस बाहेर उसळतो. ही सूचना भट्टीजवळ मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून लावलीच पाहिजे, आणि लिहिताना ‘चार्ज’ऐवजी ‘टाकणे’ हाच शब्द वापरावा.

मागचा-पुढचा छोटा शब्द न बघणं

अर्थ ठरतो तो ‘विथ’, ‘फॉर’, ‘अॅट’ यांवरून. ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’ म्हणजे चोरीचा आरोप ठेवला. ‘चार्ज्ड फॉर वॉटर’ म्हणजे पाण्याचे पैसे आकारले. विद्यार्थी सर्रास ‘चार्ज्ड फॉर थेफ्ट’ लिहितात, कारण मराठीत आपण ‘चोरीसाठी पकडलं’ म्हणतो. ‘अॅक्यूज्ड’ला मात्र ‘ऑफ’ लागतो, ‘विथ’ नाही. ‘पोलीस चार्ज्ड द क्राउड’ म्हणजे पोलीस जमावावर धावून गेले, गुन्हा दाखल केला असं नव्हे. खानापूरच्या जंगलपट्टीतली ‘अ बायसन चार्ज्ड अॅट अ फार्मर’ अशी बातमी असेल तर गवा शेतकऱ्याच्या अंगावर धावून आला. मशीनने केलेलं भाषांतर इथे ‘आकारणी’ लिहू शकतं, तेव्हा ते वाचून तपासा.

‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांत एका ‘द’ने माणसं उलटी होतात. पहिल्यात नर्स वॉर्ड सांभाळते, दुसऱ्यात मूल नर्सच्या ताब्यात असतं.

चार्जशीट आली म्हणजे आरोप ठरले, असं समजणं

चार्जशीट पोलीस दाखल करतात, मराठीत दोषारोपपत्र. त्यानंतर न्यायालय कागद पाहून आरोप निश्चित करतं, तो ‘फ्रेमिंग ऑफ चार्ज’ हा वेगळा टप्पा. पुरेसा आधार नसेल तर खटला उभा राहण्याआधीच न्यायालय आरोपमुक्त करतं, ते ‘डिस्चार्ज’. पुरावा ऐकून शेवटी सोडलं तर ती निर्दोष मुक्तता, ‘अक्विटल’. दोन्हीला ‘सुटला’ म्हणणं बोलताना चालेल, अर्जात नाही. दवाखान्यातला डिस्चार्ज आणि बॅटरीचा डिस्चार्ज यांत गोंधळ होत नाही, तरी तिन्हीकडे कल्पना एकच: भार उतरला.

असाच गैरसमज वीजबिलातही होतो. कर्नाटकातल्या वीजबिलात ‘फिक्स्ड चार्ज’ युनिटवर नसतो, मंजूर लोडवर असतो. महिनाभर घर बंद असलं तरी तो येतो. मीटर बिघडलाय असं समजून तक्रार करू नका.

जमिनीवरच्या चार्जला ‘फी’ समजणं

यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. ‘चार्ज ऑन द लँड’ म्हणजे कर्जापोटी जमिनीवर चढलेला बोजा. पीकेपीएस सोसायटीचं, म्हणजे गावच्या प्राथमिक कृषी पतसंस्थेचं, किंवा बँकेचं कर्ज असेल तर पहाणीत, म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यात, ११व्या कॉलममध्ये, हक्क आणि ऋणांच्या जागी, नोंद दिसते. कर्ज फिटलं की ही नोंद आपोआप गेली असेल, या भरवशावर राहू नका. आधी कर्ज फिटल्याचा दाखला घ्या, तो देऊन नोंद कमी करून घ्या आणि मग नवा उतारा काढून ११वा कॉलम पुन्हा पाहा.

जमीन घेणाऱ्याने पहाणीसोबत सब-रजिस्ट्रारकडचा ऋणभार दाखलाही, म्हणजे ईसी, काढावा. त्यात नोंदी असतील तर तो फॉर्म १५मध्ये येतो, नसतील तर फॉर्म १६मध्ये. मात्र फॉर्म १६ हाती आला म्हणून जमीन कायमची निर्धोक समजू नका: तो फक्त तुम्ही मागितलेल्या वर्षांपुरता असतो. अर्जात पाचच वर्षं लिहिलीत, तर सहाव्या वर्षातला बोजा त्यात दिसणार नाही.