गेट उघडतंय पण मिटत नाही? मोटर खोलायच्या आधी या चुका टाळा

मोटरवर चालणारी गेटं बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम माझं. दिवसाला एक तरी फोन असतोच, "अहो गेट उघडतंय पण बंद होईना, मोटर गेली वाटतं." आता मोटर गेली असती तर उघडलं कसं असतं? उघडायला आणि मिटायला मोटर एकच, फक्त उलटी फिरवायची. उघडतंय पण मिटत नाही म्हणजे मोटर ठणठणीत आहे, मोटरला हुकूम देणाऱ्या सर्किट बोर्डाला कुणीतरी "थांब" म्हणतंय. ते कोण म्हणतंय एवढंच शोधायचं असतं, पण तेवढा धीर कुणाला नाही, आधी झाकण उघडणार, पेचकस घालणार आणि मग मला फोन करणार. कोल्हापुरात सरकतं गेटच जास्त म्हणून त्यावरच बोलतो, पण गॅरेजच्या वर जाणाऱ्या दाराचं दुखणंही साधारण हेच असतंय.

सगळ्यात आधी नुसतं उभं राहून बघा. रिमोट दाबल्यावर गेट हलतच नाही, की फूटभर जाऊन परत फिरतंय, की पार मिटून पुन्हा उघडतंय? ही तीन वेगळी दुखणी आहेत. फोनवर मी हे विचारलं की लोक वैतागतात, "तुम्ही येऊन बघा की." येतो हो, पण हे सांगितलंत तर निम्मं काम तिथंच होतंय.

हलतच नाही म्हटलं की पहिला संशय फोटोसेलवर. गेटच्या दोन बाजूंना गुडघ्याच्या उंचीला दोन काळे डोळे असतात, एक न दिसणारा इन्फ्रारेड किरण सोडतो, दुसरा, म्हणजे रिसीव्हर, तो घेतो. किरण तुटला की बोर्ड समजतो मध्ये कुणीतरी उभं आहे. बहुतेक बोर्डांत फोटोसेल उघडताना मध्ये पडत नाही, मिटतानाच अडवतो, म्हणून तर "उघडतंय पण मिटत नाही". कोळ्याचं जाळं, उडालेला चिखल, माळ्यानं पाण्याचा पाइप ओढताना वाकवलेला डोळा, कधी नुसतं वाढलेलं जास्वंदीचं फांदं. मऊ फडक्यानं पुसा आणि रिसीव्हरसमोर हात धरून काढा, आत रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचचा, बारीक टिक ऐकू आला पाहिजे, हात धरताना एक आणि काढताना एक. टिक येत नसेल तर किरण पोचतच नाही, नाहीतर डोळ्याला सप्लाय नाही. माझ्याकडची पोरं एकदम मल्टिमीटर काढतात, मी आधी कान लावतो.

यावरचा माझा सगळ्यात फजितीचा किस्सा सांगतोच. रुईकर कॉलनीत एक गेट बसवलं होतं, होळीच्या आसपास मालकांचा फोन, गेट मिटत नाही. सकाळी गेलो, झकास चालू. दहा वेळा उघडलं मिटलं, चहा पिऊन आलो. संध्याकाळी पुन्हा फोन. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो, पुन्हा झकास. असं चार वेळा झालं, एक दिवस ढग होते त्या दिवशी संध्याकाळीही नीट चाललं, मला वाटलं वायरच हलकी होती ती बसली असंल. मधल्या काळात त्यांच्या घरातल्या आजी म्हणाल्या, तिन्हीसांजेला लक्ष्मी यायची वेळ असती, दार मिटत नसंल तर राहू दे की उघडं. मालकांना ते पटत चाललं होतं आणि खरं सांगायचं तर मलाही.

शेवटी एकदा मुद्दाम पाच वाजता जाऊन बसलो. सहाच्या सुमाराला ऊन खाली आलं आणि समोरच्या दोन घरांच्या फटीतून सरळ रिसीव्हरच्या काचेवर पडलं. काच नुसती लखलखत होती. मी डोक्यावरची टोपी काढून वर आडवी धरली, सावली पडली, आणि रिमोट दाबल्यावर गेट गपगुमान मिटलं. टोपी बाजूला केली की पुन्हा मिटायचं नाव नाही. उन्हातही इन्फ्रारेड असतंच, सरळ डोळ्यात घुसलं की रिसीव्हर आंधळा होतो, त्याला समोरचा किरण दिसतच नाही. चूक माझीच, बसवताना रिसीव्हरचं तोंड पश्चिमेला ठेवलं होतं. मग दोन्ही डोळ्यांची अदलाबदल केली, आणि वर अडीच इंची पीव्हीसी पाइपचा तिरपा कापलेला तुकडा टोपीसारखा चिकटवला. तेव्हापासून रिसीव्हर पूर्व-पश्चिम रेषेत बसवायची वेळ आली तर मी आधी ऊन कुठून येतंय ते बघतो, आणि गिऱ्हाईक "कुठंही ठोका हो" म्हणालं तरी ऐकत नाही.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक, जंपर. बोर्डावर फोटोसेलचे दोन टर्मिनल असतात, त्यात वायरचा तुकडा घातला की बोर्डाला वाटतं वाट मोकळी आहे, गेट लगेच मिटतं, गिऱ्हाईक खूश. फोटोसेल बसवलेलाच नसेल तर काही बोर्डांना असा जंपर लागतोच, ते वेगळं. पण बसवलेला डोळा बिघडला म्हणून जंपर मारणं म्हणजे कुत्रं भुंकतंय म्हणून त्याचं तोंड बांधून झोपण्यातला प्रकार. मी हे शहाणपणानं सांगत नाही, मार खाऊन सांगतोय. सुरुवातीच्या काळात गौरी-गणपतीच्या गर्दीत एका ठिकाणी रात्री नऊ वाजता जंपर मारला आणि "परवा येऊन डोळा बदलतो" म्हणून निघालो. ते परवा पंधरा दिवस आलंच नाही. सोळाव्या दिवशी त्यांच्या पाहुण्यांची मोपेड गेटच्या मध्येच उभी राहिली, पाहुणे उतरून पिशव्या काढत होते, आतून पोरानं रिमोट दाबला. लोखंडी गेट ते, चार माणसांनी उचलायचं वजन. मोपेडचा पुढचा गार्ड पापडासारखा वाकला. माणूस दोन पावलं मागं होता म्हणून वाचला. गाडीचं बिल मी भरलं, आणि त्या रात्री झोप काय लागली नाही. अमेरिकेत १९९३ पासून घरच्या गॅरेज ओपनरला अडथळा ओळखणारी सोय कायद्यानंच सक्तीची आहे ती उगाच नाही. यूट्यूबवर तिथलेच व्हिडिओ बघून लोक मला सांगतात, "बटण दाबून धरलं की मिटतं." मिटतं, पण ते तुम्ही स्वतः दाराकडं बघत उभं असाल तेव्हापुरतं आहे, रोजचा उपाय म्हणून नाही.

फूटभर जाऊन परत फिरत असेल तर गेटला कुठंतरी जड जातंय. इथं घाईची माणसं फोर्सचा पॉट, म्हणजे मोटरचा जोर कमी-जास्त करायचा बोर्डावरचा खुंटा, पिळतात, फुल्ल. अरे बाबा, फोर्स वाढवला की गेट खडा चिरडून जाईल आणि उद्या पायपण चिरडून जाईल. आधी मेन बंद करा, चावीनं क्लच सोडा, म्हणजे मोटर गेटपासून सुटी होते, आणि गेट हातानं ढकला. एका हातानं, जोर न लावता सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर ट्रॅकमधली खडी काढा, रोलरची बेअरिंग बघा. आणि ट्रॅकला ग्रीस फासू नका, हात जोडून सांगतो. पहिले दोन दिवस गुळगुळीत वाटतं, मग त्यात रस्त्याची धूळ बसून नुसती पॉलिश पेस्ट होते. रॅकलाही, म्हणजे गेटच्या दातेरी पट्टीलाही, तेच. रॅक आणि पिनियनमध्ये (मोटरच्या दातेरी चाकात) दीड-दोन मिलिमीटर फट हवी, गेटचं वजन पिनियनवर बसलं की मोटर बिचारी रडायला लागते.

पार मिटून लगेच उघडत असेल तर लिमिट (गेटनं कुठं थांबायचं ते बोर्डाला सांगणारं चुंबक) सरकलंय. गेट स्टॉपरवर आपटतं, लिमिट अजून आलेलं नसतं, बोर्डाला वाटतं कुणाला तरी धडकलो, म्हणून मागं फिरतं. चुंबकाचा स्क्रू सैल होऊन चुंबक बोटभर सरकलेलं असतं, ते जागेवर घ्या आणि मार्करनं खूण करून ठेवा. दहा मिनिटांचं काम, लोक त्याला नवीन बोर्ड घेतात.

रिमोटचा दिवा लागतोय म्हणजे सेल चांगला, असं नसतं. दिव्याला कमी ताकद पुरते. सेल बदला आणि पुढं बोला.

गेटजवळ स्वस्तातला एलईडी लावल्यावर रिमोटची रेंज कमी झाली असेल तर तो दिवा बंद करून बघा, बऱ्याचदा तोच चोर निघतो.

पावसाळ्यात मुंग्या आणि पाली. केबलच्या भोकाला सिलिकॉन लावायचा कंटाळा केला की जूनमध्ये बोर्डावर मुंग्यांचं वारूळ. मेलेली पाल रिलेच्या पायावर चिकटलेली मी स्वतः काढलीय, वासावरूनच फॉल्ट कळला.

नदीकडच्या लोकांना एक वेगळं सांगायचंय. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कित्येक मोटरी पाण्यात बुडाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच बुडून नाही, पाणी उतरल्यावर त्याच दिवशी एमसीबी वर केल्यानं गेल्या. ओलाच बोर्ड, त्यात लाइट. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की मी ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघत नाही, दुधाळी आणि नागाळा पार्कातल्या गिऱ्हाइकांना फोन करतो, मेन बंद करा, बोर्डाच्या वायरींचा फोटो काढा आणि बोर्ड काढून माळ्यावर ठेवा. फोटो काढायला विसरलात तर मग सोळा वायरी घेऊन बसा, माझ्याकडं येऊन रंग सांगू नका, दोन निळ्या असतातच.

आणि ती क्लचची चावी. बसवून झाल्यावर मी ती मालकांच्या हातात देतो, ते पाकिटात टाकतात, वर्षभरानं लाइट गेल्यावर शोधतात. स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवा म्हणून सांगतो, कुणी ऐकत नाही. माझ्या गाडीच्या डिकीत अशा सात चाव्या पडून आहेत, त्यातल्या चार कुणाच्या हे आता मलाच आठवत नाही, ज्यांची हरवली असंल त्यांनी येऊन लावून बघावी.