दूध बिलांच्या तारखा टर्मिनलवरून

सांगलीकडच्या बऱ्याच दूध संस्थांत दर दहा दिवसांनी बिलं निघतात. वर्षभराच्या तारखा हातानं टाइप करत बसू नका. लिनक्सवर ‘डेटयुटिल्स’ (dateutils) हा तारखांची कामं करणारा कमांडसंच टाका. त्यातली ‘डेटसेक’ (dateseq) ही कमांड टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, क्षणात तारखांची यादी देते. आधी सुरुवातीची तारीख, मधे टप्पा, मग शेवटची तारीख. टप्पा ‘१०डी’ (10d), म्हणजे दहा दिवसांचा, मात्र अजिबात देऊ नका! १, ११, २१ नंतर थेट ३१ जानेवारी येते, मग १० फेब्रुवारी, आणि पुढचं सगळं वेळापत्रक सरकतं. त्यापेक्षा ‘१एमओ’ (1mo), म्हणजे एक महिन्याचा टप्पा द्या आणि १, ११, २१ जानेवारीपासून कमांड तीनदा चालवा. तिन्ही याद्या एकत्र करून ‘सॉर्ट’ (sort) या क्रम लावणाऱ्या कमांडमधून काढा, वर्ष-महिना-दिवस अशी मांडणी असल्यानं क्रम बरोबर लागतो. रविवार गाळायचे असतील, तर ‘डेटसेक’मध्ये ‘स्किप’ (--skip) हा पर्याय आहेच.