आफ्टरग्लोचा वर्णपट घ्यायचा तर आधी काय तयार हवं

दूरच्या दीर्घिकेतल्या गॅमा किरण स्फोटाची सूचना आली की विचार करत बसायला सवड नसते. तासाभराने आफ्टरग्लो, म्हणजे स्फोटामागे उरलेला ओसरता उजेड, जेवढा उजळ असतो, त्याचा साधारण दहावा हिस्सा दहा तासांनी उरतो. त्यामुळे टार्गेट ऑफ अपॉर्च्युनिटीचा, म्हणजे अचानक घडलेल्या घटनेसाठी ऐनवेळी दुर्बीण मिळण्याचा, प्रस्ताव आधीच मंजूर असावा, जीसीएन या स्फोटांच्या खबरा जगभर पोचवणाऱ्या जाळ्याच्या सूचना रात्रीही फोनवर वाजाव्यात. स्विफ्ट उपग्रह काही मिनिटांत काही विकलांइतकी (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अचूक जागा देतो. त्या जागेचं जुन्या सर्वेक्षणातलं चित्र ताबडतोब उघडता आलं पाहिजे, म्हणजे नवा ठिपका कोणता ते कळेल.

ग्रिझम, म्हणजे प्रकाशाचा वर्णपट पसरवणारा काचेचा घटक, निवडताना मात्र घाई नको. आफ्टरग्लोच्या स्वतःच्या प्रकाशात रेषा नसतात, त्या वाटेतला वायू उमटवतो. ८ मे १९९७ च्या स्फोटाचा वर्णपट मार्क मेट्झगर आणि सहकाऱ्यांनी ११ मे रोजी केक-२ दुर्बिणीने घेतला, त्यात लोह आणि मॅग्नेशियमच्या शोषणरेषा, म्हणजे वायूने प्रकाश शोषल्याने उमटलेल्या गडद रेषा, सापडल्या. मॅग्नेशियमची २७९६ आणि २८०३ अँगस्ट्रॉमची (हे तरंगलांबीचं एकक) जोडी ०.८३५ रेडशिफ्टला, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने तरंगलांबी तेवढ्या पटीने वाढल्यावर, ५१३१ आणि ५१४४ च्या आसपास सरकते. जोडीतलं अंतर वाढतं, गुणोत्तर तेच राहतं. ओळख पटते ती त्यावरून. हे तेरा अँगस्ट्रॉम आपल्या ग्रिझमला वेगळे दिसतात का, हे आधीच एखाद्या क्वेसारवर (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्यावर) तपासून ठेवा.

तरंगलांबी ठरवायला आर्क लॅम्प, उजळपणा ठरवायला प्रमाण तारा, प्रकाश आत घेणाऱ्या फटीचा म्हणजे स्लिटचा कोन ही नेहमीची कामं. ७६०० अँगस्ट्रॉमजवळचा खोल पट्टा आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनचा असतो, तो रेषांच्या यादीतून आधीच खोडा.

दृश्य प्रकाशात काहीच दिसलं नाही तर निराश होऊ नका, उलट सावध व्हा. २००९ च्या एप्रिलमधल्या ८.२ रेडशिफ्टच्या स्फोटात लायमन अल्फाची कड, जिच्या अलीकडचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन गिळतो, १.१ मायक्रॉनच्या पुढे, म्हणजे अवरक्तात गेली होती. अवरक्त वर्णपटमापक कोणाकडे आहे आणि त्या रात्री कोणाला उठवायचं, ते ठरलेलं हवं.

शोषणरेषा फक्त किमान रेडशिफ्ट सांगतात, कारण वायू स्फोटाच्या अलीकडच्या दीर्घिकेतलाही असू शकतो. १९९७ मध्येही आधी ०.८३५ ही खालची मर्यादाच होती. यजमान दीर्घिकेच्या (जिथे स्फोट झाला तिच्या) उजळ उत्सर्जनरेषेने तोच खरा आकडा असल्याचं शिक्कामोर्तब नंतर केलं. म्हणून उत्तेजित लोहाच्या सूक्ष्मरचना रेषांची यादी हाताशी ठेवा. या रेषा स्फोटाच्याच अतिनील प्रकाशाने उद्दीपित झालेल्या वायूत उमटतात. दिसल्या तर तो वायू यजमानाचाच.

जीसीएन सर्क्युलरचा, म्हणजे जगभरच्या निरीक्षकांना जाणाऱ्या संदेशाचा, मसुदाही लिहून ठेवा. त्यात आकड्याबरोबर कोणत्या रेषा दिसल्या आणि आकडा किमान आहे की निश्चित, हे स्पष्ट असू द्या. तो वाचून पुढच्या रेखांशावरची, म्हणजे जिथे रात्र नंतर होते तिथली मंडळी त्यांची दुर्बीण वळवायची की नाही हे ठरवणार असतात.