वही लिहूनही महिनाअखेर हिशेब कोलमडत असेल तर : माझा अनुभव

जमाखर्च नेमाने लिहूनही दर दोन-तीन महिन्यांनी माझे अंदाजपत्रक कोलमडत असे. ॲप बदलले, बाहेरचे खाणे सोडले, पाकिटांत रोकड वाटून ठेवली. चिडचिड तेवढी वाढली. शेवटी खात्याचे मागील 12 महिन्यांचे स्टेटमेंट काढून, विम्याचा हप्ता, गाडीची दुरुस्ती अशा दरमहा न येणाऱ्या प्रत्येक खर्चाखाली लाल रेघ मारली, त्यांच्या बेरजेला 12 ने भागले आणि तेवढी रक्कम पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप वेगळ्या खात्यात वळती होईल, अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बँकेला दिली. त्या खात्याचे कार्ड मुद्दामच घेतले नाही. मात्र एखादा हप्ता 5 महिन्यांवर आला असेल, तर पहिल्या खेपेस त्याला 12 ऐवजी 5 नेच भागावे; माझी पहिली चूक नेमकी तिथेच झाली होती.