ढगाळ हवेत काठावरच्या पक्ष्यांचे फोटो : या चुका टाळा

नागपूरला समुद्र नाही, पण हिवाळ्यानंतर आसपासच्या तलावांचं पाणी उतरू लागलं की काठचा चिखल उघडा पडतो आणि तुतवार, चिखल्या, शेकाट्या हे पाणकाठचे पक्षी तिथे चरायला येतात. आभाळ भरून आलं की बरेच जण कॅमेरा घरीच ठेवतात. पहिली चूक हीच. उन्हाच्या दिवशी तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते आणि लांब लेन्सचे फोटो मऊ, म्हणजे धूसर येतात. ढगाळ दिवशी तो त्रास जवळजवळ नसतो, शिवाय शेकाट्याचं पांढरं पोटही जळत नाही (म्हणजे जास्त उजेडाने नुसतं पांढरं, तपशील नसलेलं येत नाही).

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते आयएसओच्या (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता; ती वाढवली की फोटोत दाणे दिसतात) भीतीने. ४०० च्या वर जायचं नाही म्हणून शटर १/२०० सेकंदावर आणलं जातं. उभा शेकाट्या त्यात कदाचित निभावेल. तुतवार मात्र सतत शेपटीकडचा भाग हलवतो, तो फराटाच येणार. चरणाऱ्या पक्ष्याला १/१००० हवं. एफ ६.३ ला (लेन्सचं छिद्र किती उघडं, तो आकडा) साधारण ढगाळ सकाळी त्यासाठी आयएसओ १६०० ते ३२०० लागतो, तेवढा खुशाल द्या. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला पक्षी स्थिर करता येत नाही. आणि अंधारा फोटो काढून घरी उजळला, तर सावलीतले दाणे उलट जास्तच दिसतात.

मागे पांढुरकं पाणी किंवा आभाळ असेल तर कॅमेरा फसतो, पक्षी काळा पडतो. तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) कॅमेऱ्यात +२/३ ते +१ करा. मागे काळी माती आणि पुढे शेकाट्या असेल तर उलट, -१/३ ते -२/३. रॉ मध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा; फोटो निळसर वाटला तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची सेटिंग, ६००० ते ६५०० केल्विनच्या आसपास न्या.

करडा पक्षी करड्या चिखलावर असला की फोकस मागच्या ढेकळावर जातो. लहान फोकस-क्षेत्र निवडून डोळ्यावर धरा. ६०० मिमी लेन्सने १५ मीटरवर फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट येतो तो, जेमतेम वीतभर असते. उभ्याने, वरून काढलेल्या फोटोत पार्श्वभूमी म्हणून चिखलच येतो. आडवे व्हा, लेन्स बीन बॅगवर (दाणे भरलेल्या मऊ पिशवीवर) टेकवा. ट्रायपॉड वापरणार असाल तर पायांखाली डब्याची झाकणं ठेवा. वरून सुकलेली काळी माती आतून ओलीच असते, पाय हळूहळू रुततात आणि फ्रेम तिरकी होते. (माणसाचेही रुततात, म्हणून आधी काठीने चाचपा.)

चालत जवळ जाऊ नका, एका जागी अर्धा तास बसा. चरणं थांबवून मान ताणली की पक्ष्याला तुमची चाहूल लागली आहे. टिटवी ओरडली तर बाकीचेही उडतात, आणि ती डोक्यावर घिरट्या घालत असेल तर जवळच अंडी किंवा पिल्लं असण्याची शक्यता आहे. आल्या पावली मागे फिरा.